‘पँगोलिन’ म्हणजे ‘लोळणारा’, ‘गुंडाळणारा’ की ‘भूत’? एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

प्रश्न विचारणाऱ्यांची अडचण थोडक्यात अशी आहे. मुलांसाठीच्या एका माहितीपुस्तिकेचा ते मराठी अनुवाद करत आहेत आणि त्यातील एक पान पँगोलिनविषयी आहे. नावाचा अर्थ शोधताना त्यांना एका ठिकाणी ‘गुंडाळी करणारा’ असे सापडले, दुसऱ्या ठिकाणी ‘मृतांचे भूत’ असे सापडले आणि तिसऱ्या ठिकाणी कोणी तरी संस्कृतातील ‘गोल’ या शब्दापासून ही व्युत्पत्ती लावलेली दिसली. यांपैकी खरे कोणते, आणि मराठीत ‘पँगोलिन’ लिहावे की ‘खवले मांजर’, असे त्यांनी विचारले आहे.

प्रथम एक गाठ सोडवली पाहिजे. पहिले दोन अर्थ एकमेकांच्या विरोधात नाहीत, कारण ते एकाच नावाचे अर्थ नाहीत. ‘पँगोलिन’ हे व्यवहारातील नाव आहे आणि ते मलय भाषेतून आले. भुताचा उल्लेख येतो तो ‘मॅनिस’ या शास्त्रीय नावाच्या संदर्भात, आणि ते लॅटिन आहे. माहितीपत्रकांत ही दोन्ही नावे एकाच ओळीत येतात, पुढे कोणी तरी ती ओळ संक्षिप्त करतो आणि एका नावाचा अर्थ दुसऱ्याला जाऊन चिकटतो. तिसरी व्युत्पत्ती मात्र चुकीची आहे. ती का सुचते आणि का टिकत नाही, हे पुढे सांगते.

माझ्या कामाचा अर्धा भाग सस्तन प्राण्यांच्या प्रत्यक्ष नोंदी घेण्याचा आहे आणि उरलेला अर्धा भाग फलक, पुस्तिका व परिभाषा यांतील प्राण्यांची नावे तपासून देण्याचा आहे. या दुसऱ्या कामातून एक सवय लागली: नावाचा अर्थ विचारण्याआधी ते नाव कोणी, कोणत्या भाषेत आणि प्राण्याचे काय पाहून ठेवले, हे विचारायचे. पँगोलिनच्या बाबतीत ही सवय फार उपयोगी पडते, कारण या प्राण्याकडे पाहून वेगवेगळ्या लोकांना अगदी वेगवेगळ्या गोष्टी दिसल्या.

मलय भाषेपासून सुरुवात करू. मूळ शब्द लॅटिन लिपीतून जसाच्या तसा उतरवला तर ‘पेंग्गुलिंग’ असा होईल. परंतु त्यातील पहिला स्वर मराठीतील ‘अ’च्या जवळचा, ओझरता उच्चारला जातो, म्हणून देवनागरीत ‘पंग्गुलिंग’ लिहिणे मला अधिक रास्त वाटते. यात दोन भाग आहेत. ‘गुलिंग’ हा धातू आणि त्याच्या आधी ‘पंग्’ हा उपसर्ग. एखादी क्रिया करणारा कोण, हे सांगण्यासाठी मराठी मागून ‘-णारा’ जोडते; मलय भाषा हेच काम पुढून करते. ‘तुलिस’ म्हणजे लिहिणे, ‘पनुलिस’ म्हणजे लेखक. ‘अजर’ या धातूपासून ‘पंगाजर’ म्हणजे शिकवणारा. पुढच्या ध्वनीनुसार उपसर्गाचे रूप थोडे बदलते, एवढेच. त्याच साच्यात ‘गुलिंग’पासून ‘पंग्गुलिंग’ तयार होतो.

आता ‘गुलिंग’ म्हणजे नेमके काय, हा खरा नाजूक प्रश्न आहे. बहुतेक ठिकाणी ‘अंग गुंडाळून घेणारा’ असा अर्थ दिलेला आढळतो. तो प्राण्याला शोभतो, पण धातूला तंतोतंत लागू पडत नाही. मलय भाषेत चटई गुंडाळण्याच्या क्रियेसाठी ‘गुलुंग’ असा वेगळा धातू आहे, दिसायला सख्ख्या भावंडासारखा. ‘गुलिंग’चा भर मात्र लोळण्यावर, कुशीवर वळण्यावर, गडगडत जाण्यावर आहे. इंडोनेशियात मिठीत घेऊन झोपण्याच्या लांबट गोल उशीलाही ‘गुलिंग’ म्हणतात. इंग्रजीत लोळणे, गडगडणे आणि गुंडाळणे या तिन्ही क्रिया एकाच क्रियापदात मावतात, त्यामुळे इंग्रजी लेखकाला यातून निवड करावीच लागत नाही. मराठीत ती करावी लागते, आणि करावी लागते हे चांगलेच आहे. शब्दशः अर्थ हवा असेल तर ‘लोळणारा’ किंवा ‘गडगडणारा’ लिहावे. ‘अंगाचा गोळा करणारा’ हे प्राण्याची सवय माहीत असल्यामुळे आपण केलेले स्पष्टीकरण आहे. ते चुकीचे नाही, मात्र ते भाषांतर म्हणून देऊ नये.

‘गोल’ या शब्दाची शंका कोणाला येते, यात नवल नाही. मलय भाषेत संस्कृत शब्द विपुल आहेत. भाषेला ‘बहासा’, सिंहाला ‘सिंगा’, पृथ्वीला ‘बूमी’, शिक्षकाला ‘गुरू’. एवढे शब्द एकदा डोळ्यांपुढून गेले की ‘गुलिंग’मध्येही आपलाच ‘गोल’ दिसू लागतो. परंतु या धातूचे नातलग संस्कृतच्या बाजूला नव्हे, तर समुद्राच्या बाजूला सापडतात. फिलिपीन्समधील टागालोग भाषेत चाकाला व गडगडण्याला ‘गुलोंग’ हा शब्द आहे, आणि हे शब्द मलय-टागालोग ज्या ऑस्ट्रोनेशियन कुळातील आहेत त्या कुळाच्या स्वतःच्या ठेव्यातील आहेत. ध्वनिसाम्य हे व्युत्पत्तीतील सर्वांत लोभस आणि सर्वांत कमी भरवशाचे प्रमाण होय. मी स्वतः कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत अशा साम्यावर विसंबून एका फलकावर चुकीची व्युत्पत्ती जाऊ दिली होती; फलक रंगवून झाल्यावर ती ध्यानात आली, तेव्हापासून केवळ कानाला पटलेली व्युत्पत्ती मी लिहून देत नाही.

फिलिपीन्सचा विषय निघालाच आहे तर एक समांतर उदाहरण सांगण्याजोगे आहे. तेथील पालावान बेटावर जी पँगोलिनची प्रजाती आढळते, तिला स्थानिक लोक ‘बालिनतोंग’ म्हणतात, आणि टागालोगमध्ये या शब्दाचा अर्थ कोलांटी, उलटापालट असा होतो. दोन वेगळे शब्द, दोन वेगळ्या बेटांवरील माणसे, आणि दोघांच्याही लक्षात राहिली ती त्या प्राण्याची तीच एक हालचाल.

ही हालचाल जवळून कशी दिसते, हे सांगितल्याशिवाय नावाचा अर्थ पुरता उमगणार नाही. मला ती नीट पाहायला मिळाली ती एका रात्रीच्या नोंदीत. आधी आवाज आला. वाळक्या पाचोळ्यावरून कोणी पातळ टणक पट्ट्यांची माळ ओढत नेत आहे, असा. टॉर्चचा प्रकाश बाजूला वळवून आम्ही थांबलो, तसे तेही थांबले. मग डोके छातीकडे वळले, पुढचे पाय पोटाशी दुमडले गेले, पाठ वर आली आणि शेपटीची रुंद पट्टी पुढून येऊन या साऱ्यावर झाकणासारखी बसली. हे व्हायला एक श्वास घेण्याइतकाही वेळ लागला नसावा. डोके कोणत्या बाजूला होते, हे क्षणभरापूर्वी पाहिलेले असूनही सांगता येईना. खवल्यांच्या कडा किंचित उभ्या राहिल्या होत्या आणि श्वासाबरोबर एकमेकांवर घासून अगदी बारीक करकर ऐकू येत होती. आम्ही दूरच बसून राहिलो. बऱ्याच वेळाने शेपटीच्या कडेखालून ओलसर नाकाचे टोक बाहेर आले, हवा हुंगली आणि पुन्हा आत गेले.

त्या रात्रीची एक गोष्ट नावाच्या दृष्टीने मोलाची वाटते: जमिनीला चांगला उतार होता, तरी तो गोळा लोळला नाही. तो जागच्या जागी पक्का बसला होता. म्हणजे शब्दात ‘लोळणारा’ आहे, पण मला दिसला तो ‘गोळा होणारा’. मलय भाषिकांनी नाव ठेवताना काय पाहिले असेल, याचा निर्णय मी माझ्या एका रात्रीवरून करणार नाही. मात्र शब्दशः अर्थ आणि प्राण्याचे वर्तन ही दोन वेगळी वाक्ये म्हणून लिहावीत, हे माझे मत त्या रात्रीपासून अधिक पक्के झाले.

गोळा होण्यामागचे कारण शरीररचनेत आहे. पँगोलिनचे खवले केराटिनचे, म्हणजे आपली नखे व केस ज्या द्रव्याचे असतात त्याचेच बनलेले असतात. कौलांसारखे ते एकमेकांवर चढलेले असतात आणि पाठ, कुशी, पायांची बाहेरची बाजू व शेपूट झाकतात. चेहरा, गळा, पोट आणि पायांची आतली बाजू येथे मात्र खवले नसतात. प्राण्याला दातही नाहीत, त्यामुळे चावून प्रतिकार करता येत नाही. अशा वेळी जेवढे उघडे आहे तेवढे आत आणि जेवढे चिलखती आहे तेवढे बाहेर, अशी रचना करणे हाच उपाय उरतो. लहान पिल्लू असेल तर आई त्याच्याभोवती गोळा होते. बिबट्यासारख्या शिकाऱ्याला हा गोळा सहसा उघडता येत नाही. माणसापुढे मात्र हाच बचाव उलटा पडतो, कारण त्याला गोळा उघडायचा नसतो. तो नुसता उचलून पोत्यात टाकता येतो. या प्राण्याचा चोरटा व्यापार इतका सोपा झाला त्याचे एक कारण हेच आहे. सन २०१६ मध्ये जोहान्सबर्ग येथे झालेल्या, वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या ‘सायटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिषदेत सर्व प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यावसायिक व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय झाला. पुस्तिकेच्या त्या पानावर एवढी गोष्ट अवश्य यावी असे मला वाटते, कारण नावाचा अर्थ आणि प्राण्यावरचे संकट येथे एकाच कृतीत भेटतात.

आता हा मलय शब्द साऱ्या जगाचा कसा झाला, ते पाहू. गंमत अशी की आजच्या मलय भाषेत या प्राण्याला ‘तंग्गिलिंग’ आणि इंडोनेशियन भाषेत ‘त्रंग्गिलिंग’ म्हणतात. ‘पंग्गुलिंग’ हे रूप युरोपीय पुस्तकांतच अधिक टिकले. अठराव्या शतकात ॲम्स्टरडॅममधील औषधविक्रेते व संग्राहक आल्बेर्टस सेबा यांच्या ग्रंथात ते डच लेखनपद्धतीने आले. तिथून ते फ्रेंच निसर्गअभ्यासक ब्युफाँ यांनी उचलले आणि १७६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निसर्गइतिहासाच्या दहाव्या खंडात ‘पँगोलिन’ या फ्रेंच वळणाने छापले. शेवटचा अनुनासिक ‘ङ’ गेला आणि ‘न’ राहिला, तो याच टप्प्यावर. इंग्रजीत हा शब्द १७७४ मध्ये, ऑलिव्हर गोल्डस्मिथ यांच्या प्राणिविषयक ग्रंथात आलेला दिसतो. म्हणजे मलय, डच, फ्रेंच, इंग्रजी आणि मग मराठी, असा हा प्रवास आहे. ‘इंग्रजी शब्द’ म्हणून तो टाळावा असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

ब्युफाँ यांनी हे नाव का निवडले, याचे कारण त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे आणि ते आपल्या प्रश्नाला थेट लागू पडते. त्या काळी युरोपात या प्राण्याला ‘खवलेदार सरडा’ म्हणत. ब्युफाँ यांनी ते नाव नाकारले. ते जोडनाव आहे. ते दोन निरनिराळ्या प्रजातींना सरसकट लावले जाते. आणि मुख्य म्हणजे ते मुळातच चुकीचे सुचलेले आहे, कारण सरडे अंडी घालणारे सरपटणारे प्राणी आणि हा पिल्लांना जन्म देणारा चतुष्पाद, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून जिथे हा प्राणी राहतो तेथील लोकांचेच नाव त्यांनी स्वीकारले. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी ब्युफाँ यांनी एखाद्या संपादकासारखी नावांच्या यादीवर मारलेली ही खूण मला आजही अतिशय नेमकी वाटते.

ब्युफाँ यांनी त्याच प्रकरणात दुसऱ्या, लांब शेपटीच्या प्रजातीसाठी ‘फातागिन’ हे नाव वापरले, आणि त्याची कथा आणखी विलक्षण आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत होऊन गेलेल्या इलियन या रोमन लेखकाने प्राण्यांविषयीच्या आपल्या ग्रीक ग्रंथात भारतातील एका जनावराचे वर्णन केले आहे. ते दिसायला जमिनीवरच्या मगरीसारखे, आकाराने लहानशा कुत्र्याएवढे. त्याचे कातडे इतके खरखरीत की भारतीय लोक ते कानशीसारखे वापरून पितळ आणि लोखंडही कापतात. आणि ते लोक त्याला ‘फात्तागेस’ म्हणतात. हे जनावर पँगोलिनच असावे असे सामान्यतः मानले जाते. त्या शब्दावरून ब्युफाँ यांचा ‘फातागिन’ आला आणि त्यावरून ‘फातागिनस’ हे शास्त्रीय नाव. आज त्या प्रजातीसमूहात दोन प्रजाती आहेत आणि दोन्ही आफ्रिकेतील झाडांवर राहणाऱ्या आहेत. भारतातून ऐकून नोंदवलेले नाव, भारतात एकही नसलेल्या प्राण्यांच्या नावे जमा झाले. नावांच्या अभ्यासात अशा गोष्टी भेटतात, म्हणून केवळ नावावरून प्राण्याचे मूळ गाव ठरवू नये.

भुताकडे वळू. कार्ल लिनियस यांनी १७५८ मध्ये आपल्या वर्गीकरणग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत या प्राण्याला ‘मॅनिस’ हे नाव दिले. त्याचा संबंध लॅटिनमधील ‘मानेस’ या शब्दाशी लावला जातो. प्राचीन रोमन लोक मृत पूर्वजांच्या आत्म्यांना ‘मानेस’ म्हणत. रात्री फिरणारा, एकटा आणि चमत्कारिक दिसणारा प्राणी म्हणून हे नाव, असे त्याचे सर्वमान्य स्पष्टीकरण आहे. लेमूर या निशाचर प्राण्यांचे नावही लिनियस यांनी रोमनांच्या भटकत्या मृतात्म्यांवरूनच ठेवले होते, त्यामुळे हे स्पष्टीकरण त्यांच्या पद्धतीत बसते. मात्र ‘मानेस’चे भाषांतर ‘भूत’ करू नये. भूत म्हटले की मराठी वाचकाला पिंपळावरचे, छळणारे काही तरी दिसते. ‘मानेस’ हे आदराने स्मरावयाचे मृत पूर्वज होते, आणि त्यासाठी आपल्याकडे ‘पितर’ असा नेमका शब्द आहे. मुलांच्या पुस्तिकेत तर ‘भूत’ लिहिल्याने एका निरुपद्रवी प्राण्याची विनाकारण बदनामी होईल.

‘मॅनिस’ हे आता सर्व पँगोलिनांचे नाव नाही, हेही पाहावे. मान्य आठ प्रजातींपैकी भारतीय, चिनी, सुंदा आणि फिलिपाइन या चार आशियाई प्रजाती ‘मॅनिस’ मध्ये राहिल्या. आफ्रिकेतील चारांपैकी दोन ‘फातागिनस’ मध्ये आणि जमिनीवर राहणाऱ्या दोन मोठ्या प्रजाती ‘स्मुत्सिया’ मध्ये ठेवल्या जातात. २०२३ मध्ये जप्त केलेल्या खवल्यांच्या जनुकीय तपासणीवरून आणखी एका आशियाई प्रजातीची शक्यता मांडली गेली आणि तिच्यासाठी ‘मॅनिस मिस्टेरिया’, म्हणजे गूढ मॅनिस, असे नाव सुचवले गेले.

बाकीच्या भाषांनी बहुधा खवल्यांकडे पाहिले आणि शेजारच्या ओळखीच्या प्राण्याचे नाव उसने घेतले. बंगालीत ‘बनरुई’, म्हणजे रानातला रोहू मासा. कन्नडमध्ये ‘चिप्पु हंदी’, म्हणजे शिंपल्यांचे डुक्कर. जर्मन भाषेने कोणताही शेजारी न घेता नुसते ‘खवल्यांचा प्राणी’ म्हटले. तमिळमध्ये खाद्यावरून ‘मुंगीखाऊ’ अशा अर्थाचे नाव आहे. चिनी भाषेतील प्रचलित नाव ‘छ्वान-शान-ज्या’, म्हणजे डोंगर भेदणारे चिलखत. पण त्या भाषेतील जुने नाव पुन्हा माशाकडेच जाते. सोळाव्या शतकातील औषधीतज्ज्ञ ली शिझेन यांनी त्याचा खुलासा केला आहे की हा प्राणी कार्प माशासारखा दिसतो आणि टेकडीत बीळ करून राहतो, म्हणून त्याला टेकडीचा कार्प म्हणतात. पँगोलिन खवले पसरून मुंग्यांना आत घेते आणि मग पाण्यात उतरून त्या खाते, अशी एक जुनी चिनी कथा होती. ली शिझेन यांनी मात्र प्राण्याचे पोट फाडून पाहिले आणि त्यात मापभर मुंग्या सापडल्याचे नोंदवले. कथा सांगून झाल्यावर पोट उघडून पाहणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो.

आता आपले ‘खवले मांजर’. ब्युफाँ यांचा आक्षेप याला तंतोतंत लागू पडतो: जोडनाव आहे, आणि प्राणी मांजर नाही. इंग्रजीतून अनुवाद करणाऱ्यांना यापेक्षा ‘खवलेदार मुंगीखाऊ’ हे अधिक शास्त्रीय वाटते, आणि मला हा प्रश्न अनेकदा विचारला गेला आहे. येथे एक विरोधाभास दडलेला आहे. दक्षिण अमेरिकेतील खरे मुंगीखाऊ आणि पँगोलिन यांची लांब जीभ, दंतहीन जबडा आणि वारूळ फोडणारी नखे सारखी दिसतात, आणि लिनियस यांनीही त्यांना एकाच गटात ठेवले होते. परंतु हे साम्य सारख्या आहारामुळे स्वतंत्रपणे आलेले आहे. जनुकीय अभ्यासांनुसार पँगोलिनांचे आजचे सर्वांत जवळचे आप्त म्हणजे मांसाहारी गण, ज्यात कुत्री, अस्वले आणि मांजरे येतात. म्हणजे मासा, सरडा, डुक्कर आणि मुंगीखाऊ या सर्वांना मागे टाकून नात्याच्या दृष्टीने सत्याच्या सर्वांत जवळ पोहोचले ते ‘मांजर’. अर्थात हे योगायोगाने घडले. नाव ठेवणाऱ्यांना उत्क्रांतीचे झाड दिसत नव्हते. त्यामुळे ‘आमच्या पूर्वजांना हे आधीच ठाऊक होते’ असे वाक्य कृपया पुस्तिकेत घालू नये.

एवढ्यावरून व्यवहाराचा निर्णय करायचा तर तो वाचक कोण यावर अवलंबून आहे. गावातील लोकांशी बोलायचे असेल, प्राणी जखमी सापडल्याची सूचना लिहायची असेल, तर ‘खवले मांजर’ किंवा ‘खवल्या मांजर’ हेच लिहावे, कारण तिथे ओळख पटणे हे पहिले काम असते. नोंदी घेताना मला असाही अनुभव आला आहे की छायाचित्र दाखवून नाव विचारले तर लोक पुस्तकातले नाव सांगतात. ‘रात्री वारूळ उकरून जाते ते कोण’ असे विचारले की घरातला शब्द बाहेर पडतो. तसा शब्द मिळाला तर तो आधी ठेवावा. आठही प्रजातींविषयी, आफ्रिकेसह, लिहायचे असेल तर ‘पँगोलिन’ सोयीचे, कारण तो शब्द कोणत्याही दुसऱ्या प्राण्याच्या खांद्यावर उभा नाही. तुमच्या पुस्तिकेसाठी मी शीर्षकात ‘खवले मांजर’ आणि मजकुराच्या पहिल्या वाक्यात ‘पँगोलिन’ असे सुचवेन, आणि नावाविषयी एवढेच लिहीन: ‘पँगोलिन हे नाव मलय भाषेतील लोळणारा या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. संकट जाणवले की हा प्राणी अंगाचा घट्ट गोळा करतो.’ दोन वाक्यांच्या मध्ये ‘म्हणून’ किंवा ‘कारण’ घालू नये. मुले तो दुवा स्वतः जोडतात. ‘मॅनिस’चा अर्थ द्यायचाच असेल तर वेगळ्या चौकटीत, शास्त्रीय नावासमोर द्यावा.

राहिला लेखनाचा आणि लिंगाचा मुद्दा. ‘पेंगोलिन’, ‘पांगोलिन’, ‘पँगोलीन’ अशी सगळी रूपे छापलेली आढळतात; मी ‘पँगोलिन’ लिहिते. लिंग मी नपुंसक ठेवते, कारण ‘मांजर’ नपुंसकलिंगी आहे आणि एकाच परिच्छेदात ‘खवले मांजर आले’ व ‘पँगोलिन आला’ असे लिहिले तर लहान वाचकाला ते दोन प्राणी वाटतात. अनेकवचनात ‘पँगोलिन’ तसेच ठेवून क्रियापद बदलावे: एक पँगोलिन आले, दोन पँगोलिन आली.